जॉय नावाच्या आम्ही पाचजणी

लुसाका, ६ ऑगस्ट

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. हे पत्र बोर्नफेसकडे देते. त्याची बस सिंड्याला थांबते तिथून म्पोन्डाकडे येणारं कुणी ना कुणी त्याला भेटतंच.

कोंबडीच्या पिल्लांचं कळलं. बचतगटातल्या सगळ्या बायकांनी मिळून तुझ्या नावावर मागवलेली पिल्लं तिसऱ्या आठवड्यात माना टाकायला लागली, तेव्हा काय वाटलं असेल ते मी समजू शकते. तुझी तक्रार आमच्यापर्यंत पोचली आहे आणि ती संबंधित विभागाकडे दिली आहे. काही गोष्टी मात्र विचारायला हव्यात, रागावू नकोस. पेट्या आल्याबरोबर पिल्लांना साखरपाणी दिलं होतं का? रात्री निखाऱ्यांची शेगडी जवळ होती का? ऊब कमी पडली की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची दबून मरतात. पुष्कळदा चूक घरीच झालेली असते आणि आपल्या लक्षात येत नाही.

पिल्लं विकणाऱ्या आमच्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर तुला उत्तर देणारी जॉय कोण, असं तू मागे विचारलं होतंस. जॉय अशी कुणी नाही. आम्ही पाचजणी आहोत आणि पाचही जणी जॉय म्हणूनच सही करतो. सकाळी मी जॉय असते, दुपारनंतर मुटिंटा. लुबिंडासाहेबांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला रोज नवं नाव कशाला. फोटोतल्या त्या गालावर खळी पडणाऱ्या मुलीला आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही.

पिल्लं घ्या म्हणून बायकांना मीच सांगितलं होतं, ते विसरलेले नाही. आई गेल्यावर तू मला पाठीशी बांधून शेतात नेलंस, तेही नाही. म्हणून साहेबांना खास विनंती करून तुझ्यासाठी एक कूपन मिळवलं आहे, ते सोबत ठेवते. पुढच्या मागणीवर दहा टक्के सूट मिळेल.

काळजी करू नकोस. आम्ही तुमच्यासोबत आहोत.

तुझी,
टियेसे

लुसाका, २५ ऑगस्ट

ताई,

या खेपेला बोर्नफेस स्वतःच म्पोन्डाला जाऊन आला आणि त्याने कूपन परत आणून दिलं. मी विचारलं, "ताईने पत्र वाचलं का?"

"वाचलं. मोठ्याने वाचलं. शेजारच्या झेलिपाकाकू पण होत्या."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, हे टियेसेनं लिहिलेलं नाही, जॉयनं लिहिलंय."

"आणखी?"

"आणखी म्हणाली, गावात कोंबडा आरवत नाही. एवढंच सांग म्हणाली."

मला आधी कळलंच नाही. मग तो सांगत गेला. पेट्यांतली पिल्लं गेली, मग अंगणातल्या आपल्या जुन्या कोंबड्या. माना पिळल्यासारख्या वळायच्या, हिरवं हगायच्या, आणि संध्याकाळी खुराड्यात पाय वर. आधी तुझ्या आळीतल्या, मग ओढ्यापलीकडच्या. मानमोडी. लोक पाहुण्यांना निरोप पाठवतायत म्हणे, सध्या येऊ नका, तुमच्यापुढे ठेवायला काही नाही.

मी तुला साखरपाण्याबद्दल विचारत होते, तेव्हा हे सगळं सुरू झालं होतं. ते प्रश्न माझे नाहीत, ताई. आमच्या संगणकात ते लिहून ठेवलेले आहेत. कुणी मेलेलं पिल्लू म्हटलं की ते आपोआप वर येतात, आम्ही नुसतं बोट टेकवायचं. घरी पत्र लिहायला बसले आणि हाताने तेच लिहिलं. लिहून झाल्यावर वाचूनही पाहिलं, तरी त्यात काही खटकलं नाही.

आता तो फोटो. मेलेल्या पिल्लांची ओळ मांडून तू फोटो टाकलास, त्याखाली आमच्याकडून उत्तर आलं, 'किती गोड! आमच्या कुटुंबात स्वागत' आणि तीन लाल बदाम. ते मी लिहिलेलं नाही, मुटिंटानेही नाही. पहिलं उत्तर यंत्र देतं. त्याला फोटोत पिल्लं दिसली. ती उभी आहेत का आडवी, एवढं त्याला कळत नाही.

तो फोटो देशभर फिरला. लोकांनी त्यावर विनोद केले, तुझ्या नावासकट. इथल्या बाजारात टोमॅटो विकणारी बाई तो दुसरीला दाखवत होती आणि पोट धरून हसत होती. ती माझी बहीण आहे, असं मी म्हटलं नाही. टोमॅटो घेतले आणि घरी आले.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "उत्तर किती वेळात गेलं?"

"लगेच गेलं."

"मग?"

आमच्या भिंतीवर एक पाटी आहे. उत्तरं पटापट गेली की ती हिरवी असते. त्या दिवशीही हिरवीच होती.

मी काय करू ते सांग. शिव्या दे, पण बोर्नफेसकडे निरोप ठेव.

टियेसे

लुसाका, १४ सप्टेंबर

ताई,

तुझा निरोप नाही, पण झेलिपाकाकूंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला मुखियानं आंब्याखाली बोलावलंय. पेरण्या सुरू व्हायच्या आत निवाडा. लोक म्हणतात, फालेसीनं रोग मुद्दाम आणला. नवऱ्यामागं एकटी राहते, गावाचं बरं कशाला बघवेल तिला. तुझ्या शहाण्या कंपनीला म्हणावं, एक ओळ लिहून द्या. पिल्लं तुमच्याकडूनच आजारी आली, एवढंच. मग बघते मी एकेकीला."

"काकू, मी आणते ती ओळ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांपुढे उभी राहिले. लुबिंडासाहेब वाईट माणूस नाहीत. मुटिंटा बाळंतपणात अडली, तेव्हा त्यांनीच स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं होतं. म्हणून मला आशा होती.

"साहेब, एक ओळ हवी आहे. माझ्या बहिणीसाठी. पिल्लं आजारी होती, एवढीच."

"होती का?"

"मोंझे, मुंब्वा, चोंग्वे, सगळीकडून तेच लिहून येतंय. माना वळलेल्या, हिरवी शीट. सगळ्या पेट्या जुलैच्या मधल्या आठवड्यातल्या आहेत."

"तू गुरांची डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मीही नाही. मग रोगाबद्दल आपण दोघांनी का बोलायचं?" त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. "टियेसे, 'चुकलं' हा शब्द वकिलांना विचारल्याशिवाय या इमारतीतून बाहेर जात नाही. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे लिही, हवं तेवढ्यांदा लिही. त्याला काही अर्थ नसतो, म्हणून ते चालतं."

तुला ते वाक्य किती वेळा आलं असेल, ते मला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट तुला कळायलाच हवी. काकू म्हणाल्या, तू अजून रोज पानावर लिहितेस आणि कुणी एका शब्दाने विचारत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसतेस. ताई, ते कुणाला दिसतच नाही. आम्ही तक्रार पुसत नाही, पुसली की माणूस चवताळतो. आम्ही ती लपवतो. लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं जागच्या जागी दिसतं, त्याच्या ओळखीच्यांनाही दिसतं. बाकी जगाला तिथे काहीच नसतं. कोंबडा झाकला म्हणून उजाडायचं राहत नाही, असं तू म्हणायचीस. आमच्याकडे राहतं, ताई. आमच्याकडे झाकणाऱ्यालाच पगार आहे.

तुझी मुटिंटाने लपवली. मला करावं लागू नये म्हणून माझी कामाची पाळी सुरू व्हायच्या आत येऊन ती उरकून टाकायची. मला कळलं तेव्हा म्हणाली, "तुझ्या हातून कशाला व्हायला हवं, बाई?" तिच्यावर रागावताही येईना.

काल मोंझेच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं, हामुंगा नाव. वाचलेली चार पिल्लं अंगणात सोडू का, घरच्या कोंबड्यांबरोबर मोठी होतील. वर तयार उत्तर आलं होतं, 'नक्कीच! मोकळ्या हवेत पिल्लं आनंदी राहतात.' मी बोट टेकवलं नाही. हाताने लिहिलं, "सोडू नका, आजोबा. मेलेली खोल पुरा, पेटी जाळा, हात धुवा आणि आजच पशुवैद्याला बोलवा." ते म्हणाले, "देव तुझं भलं करो, जॉय." तासाभरात साहेबांनी बोलावून ताकीद दिली. पुन्हा असं केलंस तर घरी जावं लागेल.

ती ओळ अजून मिळालेली नाही. मी सोडलेलं नाही, एवढंच सांगायला लिहिते.

टियेसे

लुसाका, १० ऑक्टोबर

ताई,

काल तू आलीस. फाटकाबाहेर काय झालं ते तुला माहीत आहे, आत काय झालं ते सांगते.

पत्ता तुम्हाला कुठे सापडला, देव जाणे. पानावर तो मुद्दामच दिलेला नाही. खिडकीतून कमरेला गुंडाळलेल्या दोन चितेंग्यांचे रंग दिसले, पण उन्हामुळे तोंडं ओळखू येईनात. अशा बायका विकायला काही घेऊन येतात, तशाच असतील असं वाटलं. राखणदाराचा आवाज मात्र वर येत होता, त्यांचा पुसटसा.

"इथं कुणी भेटत नाही, आई. मेसेज करा."

"मेसेज करून करून बोटं झिजली, बाबा."

"मग इथूनच करा. इथं नेट चांगलं आहे."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला तेवढंच सांगायला शिकवलंय.

मग मुटिंटाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. 'मी तुमच्या फाटकात उभी आहे. फालेसी, म्पोन्डा.' मी हात पुढे करेपर्यंत यंत्राने उत्तर दिलंसुद्धा. 'आम्हीही तुमच्या दारात! तुमच्या जिल्ह्यात पिल्लं घरपोच. किती हवीत?' आणि तुझ्या नावापुढे हिरवी खूण पडली. तक्रार निकाली.

मी उठले. साहेब दारात उभे होते. म्हणाले, "खाली जायचं तर बहीण म्हणून जा. कंपनीची म्हणून जाऊ नकोस."

तशीच आले, ताई. फाटक उघडून तुझ्याकडेच आले. आणि तू मला म्हणालीस, "मॅडम, तुम्ही जॉय ना?"

मला वाटलं, उन्हाने तुला ओळखू आलं नाही. मी म्हटलं, "ताई, मी टियेसे."

"टियेसेकडे आमचं काम नाही. ती घरची आहे, तिला घरी विचारू. आम्हाला जॉयला विचारायचंय. मॅडम, एवढी माणसं आहेत आत. कुणीतरी एकजण म्हणेल का, आमचं चुकलं?"

"चुकलं, ताई."

"तुझं नाही गं," तू म्हणालीस. तेवढ्यापुरती अगंतुगंवर आलीस आणि लगेच परत गेलीस. "तुमचं नाही, मॅडम. त्यांचं."

मी वर पाहिलं. खिडकीत साहेब होते, त्यांनी पडदा ओढून घेतला. मी पाणी आणलं, ते झेलिपाकाकू प्यायल्या. तू चितेंग्याने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "चल झेलिपा, बोर्नफेसची बस चुकेल." चारदा हाक मारली मी. तू ऐकलीस, पाठीवरून कळत होतं.

जेवून जा म्हणायचं सुचलं, तेव्हा तुम्ही वळणापलीकडे गेला होतात. रात्रभर तेच डोक्यात होतं. एवढ्या लांबून तुम्ही आलात आणि मी एक घास पुढे केला नाही.

टियेसे

म्पोन्डा, २० नोव्हेंबर

ताई,

तुझ्या घरात बसून हे लिहिते आहे. दार सुतळीने बांधलेलं होतं. झेलिपाकाकूंनी सोडून दिलं.

तू आमच्या फाटकावरून परत गेलीस त्यानंतर मी ती ओळ लिहिली. कुणी देत नव्हतं, म्हणून मीच लिहिली, कंपनीच्या पानावर, सगळ्यांत वर, कुणालाही दिसेल अशी. 'जुलैच्या मधल्या आठवड्यात पाठवलेली पिल्लं आजारी होती. ज्यांच्याकडे ती गेली त्यांचा यात दोष नाही. म्पोन्डाच्या फालेसीचा दोष नाही. चूक आमची आहे.' खाली जॉय लिहिलं नाही. टियेसे लिहिलं.

दुपारभर ती तिथे राहिली. खाली लोक लिहीत होते, चोंग्वेचे, मुंब्व्याचे. एकीने नुसतं 'अखेर' असं लिहिलं. हामुंगा आजोबांनी लिहिलं, तुझं खरं नाव आज कळलं, पोरी. मुटिंटा माझ्या शेजारी बसून रडत होती, पण लपवायला तिने हात लावला नाही. शेवटी साहेबांनी स्वतः येऊन ते काढलं. मला ओरडले नाहीत. म्हणाले, "कुणाचं भलं केलंस असं तुला वाटतंय?" संध्याकाळी पानावर दुसरं आलं. आमच्या पानात कुणी भामटा शिरला होता, त्याने लिहिलेल्या मजकुराकडे लक्ष देऊ नये, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

नोकरी गेली. माझ्या ओळीचा फोटो मी फोनमध्ये काढून ठेवला होता, तो घेऊन इकडे निघाले. निवाड्याच्या आत पोचायचं होतं. पोचलेही. तू मात्र आदल्याच दिवशी निघून गेली होतीस.

तरी मी आंब्याखाली उभी राहिले. मुखियांना फोटो दाखवला, सगळ्यांसमोर वाचला. बायका ऐकत होत्या. मला वाटलं, झालं. तेवढ्यात शाळेच्या मास्तरांनी आपला फोन काढला आणि भामट्याचं ते दुसरं वाचून दाखवलं.

मुखियांनी दोन्ही फोन हातात घेऊन पाहिले. मग म्हणाले, "एका कंपनीची दोन तोंडं. मी कुठलं धरू?"

"पहिलं खरं आहे, मुखिया."

"ते लिहिलं कुणी?"

"मी."

"म्हणजे बहिणीसाठी बहिणीनं लिहिलं." ते चिडून बोलले नाहीत. मला वाईट वाटू नये अशा आवाजात बोलले. "पोरी, माझी पण बहीण असती तर मी लिहिलं असतं. पण त्यानं कोंबड्या कुणामुळं गेल्या ते ठरत नाही."

कंपनीचं तोंड कंपनीनेच खोटं पाडलं, त्याला मी काय करणार होते. तू पळून गेलीस, म्हणजे मनात काही असणार, असंही कुणीतरी मागून म्हणालं. झेलिपाकाकूंनी त्या माणसाचा असा उद्धार केला की मुखियांना निवाडा मोडून उठावं लागलं. तुझ्यावर ठपका ठेवला नाही, आणि काढलाही नाही. तसाच राहिला आहे.

मी रोज एकेका घरी जाते. बसते, पिल्लं कुठून आली, रोग कसा आला ते तोंडाने सांगते. काहीजणी पाठ करतात. ओढ्यापलीकडच्या एनेलेसीआजीने सगळं ऐकून घेतलं, मला आंबा कापून दिला आणि म्हणाली, "नीट सांगितलंस. पण फालेसी इथं बसलेली असताना हे कुणी सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं का, कोण जाणे. तेव्हा माझी पांढरी कोंबडी नुकतीच गेली होती." खरं बोलली, म्हणून मी तो आंबा खाल्ला.

तुझा फोन तू काकूंकडे टाकून गेलीस. मी दुकानात नेऊन चार्ज केला. वाटलं, तू कुठे आहेस ते कदाचित कळेल. त्यात नुसती कंपनीच भरली होती. 'फालेसी, बरेच दिवस दिसला नाहीत. तुमच्यावाचून आमचं कुटुंब अपुरं आहे.' आजही एक आला. काकूंना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "बघ बाई. गावात तुझ्या बहिणीची कुणी चौकशी करत नाही, ही बया मात्र रोज करते." मग आम्ही दोघी हसलो, आणि मग काकू चुलीपाशी तोंड वळवून बसल्या. मी तो फोन बंद केला.

बोर्नफेस परवा सांगून गेला. चाडिझ्याच्या बाजारात त्याने एक बाई पाहिली, परक्याच्या शेतातले शेंगदाणे निवडत होती. त्याने हाक मारली तर उठून दुसऱ्या ढिगामागे गेली. तू होतीस की नाही, तो शपथेवर सांगू शकत नाही. मंगळवारी बाजार आहे. मी जाणार आहे.

हे पत्र त्याच्याकडे देत नाही, माझ्याजवळच ठेवते. वाचायचं नसेल तर वाचू नकोस. तुझ्या शेजारी बसून मीही शेंगदाणे निवडेन. तुला कुणी विचारलं की ही कोण, तर तू काय म्हणशील ते मला माहीत नाही. मी मात्र माझं नाव सांगेन.

टियेसे